ब्लाइबराचं चर्च, १:५० : प्रतिकृतीच्या नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याला सफोकमध्ये, इप्सविचहून साउथवोल्डकडे जाताना ए-१२ रस्ता ब्लाइथ नदीच्या खाडीपाशी उतरतो. तिथे डाव्या-उजव्या बाजूला सगळा चिखल, बोरू आणि पाणी, आणि त्यावर एकटं उभं असलेलं ब्लाइबरा गावाचं होली ट्रिनिटी चर्च. सहा वर्षं या रस्त्यावरून जातोय, थांबलो आज. लोक याला 'दलदलीतलं कॅथेड्रल' म्हणतात. खरं तर कॅथेड्रल म्हणजे बिशपचं पीठ, आणि इथे बिशप कधीच नव्हता. हे साध्या गावाचं चर्च, आणि आज गावात दोन-तीनशे माणसंही असतील-नसतील. एवढ्याशा वस्तीला एवढी मोठी वास्तू कशाला लागली, हा प्रश्न घेऊनच आत गेलो.

आत पाय ठेवला आणि आधी जाणवला तो उजेड. रंगीत काच जवळजवळ उरलेली नाही. पांढऱ्या भिंती, विटांची आणि दगडाची झिजलेली जमीन, आणि दोन्ही बाजूंना वर खिडक्यांच्या रांगा. मग मान वर केली. छताच्या तुळयांवर, मधोमध, पाठीला पाठ लावून लाकडी देवदूत बसवलेले, एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला, पंख दोन्हीकडे पसरलेले. पावणेसहाशे वर्षांपूर्वीचे. काहींवर अजून रंग आहे.

तिथेच ठरलं. याची लाकडी प्रतिकृती करायची, १:५० प्रमाणात, एका बाजूची भिंत न लावता, म्हणजे छत आतून दिसेल. चर्चची लांबी साधारण १२७ फूट, म्हणजे टेबलावर ७७ सेंटिमीटर. रुंदी ५४ फूट, म्हणजे ३३. जेवणाचं टेबल वर्षभर अडकणार.

१९ जानेवारी

काय कधी बांधलं ते आधी नीट लावून घेतो, नाहीतर रेषा चुकतात.

मनोरा सगळ्यात जुना, चौदाव्या शतकातला, आधीच्या चर्चचा उरलेला. बाकीची वास्तू पंधराव्या शतकात नव्याने उभी राहिली. इंग्रजी गॉथिकचा, म्हणजे टोकदार कमानींच्या शैलीचा, हा शेवटचा टप्पा, ज्याला पर्पेंडिक्युलर म्हणतात: उभ्या रेषा, मोठ्या खिडक्या, भिंत जितकी कमी करता येईल तितकी कमी. गावात तेव्हा ऑगस्टिनियन मठ होता, इसेक्समधल्या सेंट ओसिथच्या मठाची शाखा, आणि चर्चवर मठाचा हक्क होता. बंदर चालत होतं, जत्रा भरत होत्या, व्यापाऱ्यांकडे पैसा होता.

त्याही मागे गेलं तर पूर्व अँग्लियाचा राजा अ‍ॅना. सातव्या शतकाच्या मध्यावर, बहुधा ६५४ मध्ये, मर्सिया राज्याच्या पेंडा राजाशी लढताना तो पडला, आणि त्याला ब्लाइबरात पुरलं अशी जुनी परंपरा आहे. ती लढाई खाडीपलीकडच्या बल्कॅमला झाली असं सांगतात. चर्चच्या दारातून बल्कॅमची बाजू दिसते.

मग नदी गाळाने भरत गेली, जहाजं मोठी होत गेली, बंदर ओसरलं. १५३७ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठही बंद झाला. चर्च नुकतं कुठे पूर्ण होऊन दोन पिढ्या होत होत्या, तोवर ज्या गावासाठी ते बांधलं ते गावच आटलं. पुढच्या साडेचारशे वर्षांची सगळी गोष्ट इथून सुरू होते.

२ फेब्रुवारी

आज पहिली चूक सापडली. छताच्या कैच्या कापल्या होत्या, पण उतार फार तीव्र धरला. डोक्यात आपलं कौलारू घर होतं. फोटो बाजूला ठेवला तर इथलं छत जवळजवळ सपाट, मधे जेमतेम उंचावलेलं.

कारण शिसं. गवताचं किंवा कौलांचं छप्पर असेल तर पाणी पटकन खाली जायला उतार हवा. शिशाचे पत्रे घातले की कमी उतार चालतो. उलट उतार जास्त असला तर शिसं स्वतःच्या वजनाने आणि उन्हाने हळूहळू खाली सरकतं. म्हणून पंधराव्या शतकात श्रीमंत गावांनी जुनी टोकदार छतं काढून अशी बसकी छतं घातली, आणि त्यातून जी उंची मिळाली तिथे भिंती वाढवून खिडक्यांची एक जास्तीची रांग बसवली. तिला क्लिअरस्टोरी म्हणतात. इथे प्रत्येक बाजूला अठरा खिडक्या. छतातले देवदूत दिसतात ते त्यांच्यामुळे.

कैच्या फेकल्या नाहीत. बाजूला ठेवल्यात, छोट्या काड्यांसाठी लाकूड होईल.

१६ फेब्रुवारी

बाबांना वाईला व्हिडिओ कॉल केला. चाळीस वर्षं सुतारकी केलेली त्यांनी. फोन छताच्या फोटोवर धरला.

"अरे, हा तर कडीपाटच की," बाबा म्हणाले. "खण किती आहेत?"

मी बे, ट्रस, स्पॅन असे शब्द वापरत बसलो होतो. खण म्हटल्याबरोबर चित्र सुटसुटीत झालं. तुळईपासून तुळईपर्यंत एक खण. आता सगळी मोजमापं खणातच लिहितोय.

"लाकूड कसलं?"

"ओक. आणि बाबा, तोडल्या तोडल्या ओलंच वापरायचे. वाळायला ठेवायचे नाहीत."

"ओलं घडवायला मऊ जातं," ते म्हणाले. "पण वाळताना पिळतं. सांधे खुंटीचे असतील ना? मग वाळता वाळता आवळून बसतात."

बरोबर हेच. लोखंडी खिळे नाहीत, ओकच्याच खुंट्या. प्रतिकृतीत खुंट्या टूथपिकच्या टोकाच्या करतोय. खालून दिसणार नाहीत, तरी करतोय.

१ मार्च

बाहेरच्या भिंती. सफोकमध्ये बांधकामाचा दगड नाही. जमिनीत चिकणमाती, खाली खडू, आणि त्यात गारगोट्या, हवी तेवढी फ्लिंट. म्हणून इथली चर्चं गारगोटी आणि चुन्याची. घडीव चुनखडीचा दगड बोटीतून आणावा लागे, म्हणून तो फक्त कोपऱ्यांना, खिडक्यांच्या चौकटींना आणि कमानींना.

या टंचाईतून जे काम निघालं त्यावर मी खूष आहे. गारगोटी फोडली की आत काचेसारखा काळा गुळगुळीत पृष्ठभाग येतो. कारागिरांनी फिकट घडीव दगडात नक्षी कोरून खाचे पाडले आणि त्यात फोडलेली काळी गारगोटी एका पातळीत बसवली. फ्लशवर्क म्हणतात त्याला. पावसात भिजलं की काळं चमकतं आणि नक्षी उठून दिसते. पूर्वेच्या मोठ्या खिडकीखाली अशीच मुकुट घातलेली अक्षरं आहेत, एकेका शब्दाची आद्याक्षरं असावीत. त्रैक्याच्या, मरियेच्या आणि संतांच्या सन्मानार्थ असं काहीसं वाक्य विद्वानांनी जुळवलं आहे, पण तो अंदाज आहे.

प्रतिकृतीत काळा कार्ड पेपर, वर हस्तिदंती रंगाच्या कागदाची कापलेली जाळी. एका ओळीला दोन संध्याकाळ गेल्या.

९ मार्च

शेजारच्या वॉल्बर्सविक गावाच्या मनोऱ्याचा करारनामा टिकला आहे, १४२६ चा. मी त्यावरून हलूच शकलो नाही, आजचं काम तसंच राहिलं.

गवंडी दोघे, डनिचचा रिचर्ड रसेल आणि ब्लाइबराचा अ‍ॅडम पोल. मनोरा कसा हवा? भिंती टन्स्टलच्या मनोऱ्यासारख्या, पश्चिमेचं दार हेल्सवर्थच्या दारासारखं. नकाशा नाही, शेजारच्या गावाकडे बोट. मजुरी उंचीच्या हिशेबाने, दर यार्डाला चाळीस शिलिंग. शिवाय दर वर्षी हेरिंग माशांचं एक पिंप आणि एकदा दोघांना एकेक झगा. आणि बांधकाम फक्त २५ मार्च ते २९ सप्टेंबर या काळात, मरियेच्या सणापासून संत मायकलच्या सणापर्यंत. कारण चुना. ओला चुना थंडीत गोठला की आतलं पाणी फुगतं आणि सांधा भुसभुशीत होतो. म्हणून मनोरा दर वर्षी थोडा चढवायचा, हिवाळ्यात वरून झाकून ठेवायचा, पुढच्या वसंतात पुन्हा.

अ‍ॅडम पोल ब्लाइबराचा. त्याच दशकांत ब्लाइबराचं चर्चही वर चढत होतं. त्याचा हात या भिंतींना लागला असेल असं मला वाटत राहतं. पुरावा नाही, पण गवंडी आपल्याच गावच्या कामाला हात लावल्याशिवाय राहील का?

२९ मार्च

पुन्हा चर्चमध्ये, या वेळी बाकांसाठी. बाकांच्या टोकांना कोरीव माणसं आहेत. आळस अंथरुणात उठून बसलाय. खादाडाने स्वतःचं पोट धरलंय. निंदकाची जीभ बाहेर. एक दारुडा खोड्यात अडकलाय. दुसरीकडे शेतातली कामं, कापणी वगैरे. वाचता न येणाऱ्या माणसाला बसल्या जागी हाताला लागेल असं हे सगळं. शतकानुशतकं उठता-बसता हात ठेवून ठेवून त्यांची डोकी गुळगुळीत झालीत.

वेदीकडच्या बाकांवर प्रेषितांच्या छोट्या मूर्ती आहेत, आणि त्याच बाकांवर पुढे शाळा भरायची. एका डच मुलाने, डर्क लोवरसेन याने, १६६५ साली आपलं नाव आणि वय कोरलंय. वय बारा. मी वाकून बोटाने ती अक्षरं चाचपली. शाईच्या दौतींसाठी पाडलेली भोकंही तिथेच.

दानपेटीही आहे, १४७३ ची. आणि जॅक, म्हणजे घड्याळाची घंटा वाजवणारा लाकडी पुतळा, १६८२ चा, रंगवलेला, हातात कुऱ्हाडीसारखं हत्यार. १:५० मध्ये तो अडीच-तीन सेंटिमीटरचाही होणार नाही, पण करणार.

९ एप्रिल, बुधवार

आज तारीख बघूनच बसलो. ९ एप्रिल १६४४ ला विल्यम डाउसिंग ब्लाइबराला आला होता. लॅक्सफील्डचा हा कट्टर प्युरिटन, म्हणजे चर्चमधली मूर्तीपूजा पुसून टाकू पाहणाऱ्या पंथाचा. इंग्लंडच्या यादवी युद्धाच्या काळात, १६४३ च्या डिसेंबरात, मँचेस्टरच्या अर्लने त्याला नेमलं: चर्चांमधल्या मूर्ती, चित्रं, क्रूस, मृतांसाठीच्या प्रार्थनेचे लेख, सगळं मोडायचं. त्याने रोजनिशी ठेवली, आणि तीमुळेच कुठे काय होतं ते आज कळतं.

ब्लाइबराच्या नोंदीत वीस चित्रं, दोन क्रूस, मृतांच्या आत्म्यासाठी प्रार्थना मागणारे तीन लेख आणि छतातले वीस देवदूत येतात. लेख त्याने स्वतः फोडले. देवदूत उतरवायचा हुकूम दिला, आणि आणखी दोनशेहून जास्त चित्रं आठ दिवसांत काढायला सांगितलं.

हुकूम दिला. उतरवले असं लिहिलेलं नाही. एवढ्या उंचीवर चढायला मोठ्या परांच्या लागतात, परांच्यांना पैसे लागतात, आणि गाव गरीब होतं. मला वाटतं देवदूत वाचले ते या अडचणीमुळे. काच मात्र दगड मारून फुटते.

वीस होते. आज डझनभरच आहेत.

२६ एप्रिल

उरलेले कुठे गेले, आणि आहेत त्यांच्या अंगावरची भोकं कशाची?

जुनी समजूत अशी की डाउसिंगच्या माणसांनी बंदुका झाडल्या. कितीतरी ठिकाणी अजून तसंच सांगतात. पण दुरुस्तीच्या वेळी लाकडातून जे शिशाचे छर्रे निघाले ते सतराव्या शतकातल्या मस्केट बंदुकांच्या गोळ्यांसारखे नाहीत, नंतरचे आहेत. आणि अठराव्या शतकात चर्चवॉर्डनांनी, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या गावकऱ्यांनी, बंदुकीची दारू आणि छर्ऱ्यांसाठी पैसे दिल्याची नोंद हिशेबात आहे. कशासाठी? जॅकडॉ मारायला. कावळ्याच्या कुळातला छोटा करडा पक्षी, फुटक्या खिडक्यांतून आत शिरून छतात घरटी करणारा. चर्चच्याच माणसांनी, चर्चच्याच पैशातून, पक्षी मारताना देवदूतांना छर्रे मारले.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्याच्यावर राग आहे त्याच्या माथी सगळं मारलं की वास्तू वाचायचं थांबतं. डाउसिंगने पुष्कळ नासधूस केली, त्याबद्दल वाद नाही. पण देवदूतांची हानी दुसऱ्याच कारणाने झाली: खिडक्या फुटलेल्या राहिल्या, पक्षी आत आले, कुणी दुरुस्ती केली नाही, बंदूक स्वस्त पडली.

आज तीन देवदूत कोरले. बासवूड, पटाशीचं सगळ्यात बारीक टोक आणि डोळ्यावर भिंग. नखाएवढे चेहरे. एकाचं नाक उडालं, तो पुन्हा.

१ जून

महिनाभर काही झालं नाही. आता मोठा निर्णय समोर आहे आणि तो टाळत होतो: मी कुठल्या सालचं चर्च करतोय?

१४८० चं केलं तर वीस देवदूत, रंगीत काच, मनोऱ्यावर टोकदार शिखर. दिसायला सुंदर. पण ते शिखर, ती काच मी बघितलेली नाही. मी बघितलेलं चर्च जखमी आहे.

हाच वाद या चर्चने एकदा घातलेला आहे. एकोणिसाव्या शतकात इमारत इतकी खचली होती की खिडक्या विटांनी बुजवलेल्या, छत गळतंय, आणि लोक प्रार्थनेला बसताना छत्र्या उघडत असं सांगतात. १८८१ च्या अखेरीस बिशपने चर्च धोकादायक म्हणून बंद करायला लावलं. दुरुस्तीसाठी जॉर्ज एडमंड स्ट्रीट हा त्या काळातला नावाजलेला आर्किटेक्ट. तो त्याच डिसेंबरात वारला, काम मुलाकडे गेलं. आणि मधे पडली कवी आणि कलाकार विल्यम मॉरिसची संस्था, १८७७ मध्ये मॉरिस आणि आर्किटेक्ट फिलिप वेब यांनी काढलेली, जुन्या इमारतींच्या रक्षणाची. त्यांचं म्हणणं सरळ होतं: जुनं उपटून 'मध्ययुगात असं असेल' म्हणून नवं बसवणं म्हणजे जीर्णोद्धार नव्हे, ती खोटी वस्तू झाली. रोज थोडी देखभाल करा, गळती थांबवा, आधार द्या, आहे ते राहू द्या.

ब्लाइबरात दोन्ही बाजूंची पत्रापत्री वर्षानुवर्षं चालली. शेवटी पैसा अपुरा होता, म्हणून काम हळूहळू, तुकड्यातुकड्याने झालं. छताचा मूळ रंग, पांढऱ्यावर लाल-हिरवी फुलं आणि येशूच्या नावाची अक्षरं, आज दिसतो याला मॉरिसची जिद्द आणि गावाची तंगी ही दोन्ही कारणं.

हा विचार मला ब्लाइबरात भेटायच्या आधी पुण्यात भेटला होता. कॉलेजात जॉन मार्शलची १९२३ ची संवर्धन नियमावली शिकवली होती. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक म्हणून त्यांनी ती लिहिली, आणि तिच्यामागे मॉरिसच्याच संस्थेचा विचार आहे: जुन्या वास्तूचा खरा अंश, तुटका असला तरी, नव्या भरणीपेक्षा मोलाचा. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं. आज टेबलावर पटाशी धरून त्याचा अर्थ लागतोय.

निर्णय: २०२५ चं चर्च. शिखर नाही. जिथे देवदूत नाही तिथे नाही.

२१ जून

काम थोडं, पण एक आठवण लिहून ठेवतो. १९६९ च्या जूनमध्ये इथल्याच ऑल्डबराच्या संगीत महोत्सवाची पहिलीच रात्र होती आणि महोत्सवाचं स्नेप गावातलं सभागृह जळून गेलं. महोत्सव थांबला नाही. मोत्सार्टचा ऑपेरा 'इडोमेनेओ' ब्लाइबराच्या चर्चमध्ये झाला. त्या उजेडात, त्या छताखाली. आज खिडक्यांच्या सळया चिकटवताना तोच लावला होता. छत्तीसपैकी बावीस खिडक्या झाल्या.

४ ऑगस्ट, सोमवार

मुद्दाम रजा घेतली. १५७७ साली याच तारखेला, रविवारी प्रार्थना चालू असताना, प्रचंड वादळ आलं. शिखर कोसळलं, छत फोडून खाली आलं, बाप्तिस्म्याचा कुंड फुटला, माणसं मेली. त्याच दिवशी बारा-पंधरा मैलांवरच्या बंगीच्या चर्चवरही वीज पडली. त्या वर्षीच अब्राहम फ्लेमिंगने एक पत्रक छापलं: काळ्या कुत्र्याच्या रूपात सैतान बंगीत शिरला, मग ब्लाइबरात येऊन त्याने दोन माणसं आणि एक मुलगा मारला. सफोकमध्ये त्या कुत्र्याला ब्लॅक शक म्हणतात. उत्तरेच्या दारावर काळे जळाल्याचे डाग आहेत, ते त्याच्या पंजाचे म्हणून दाखवतात.

मी आज त्या दारासमोर बराच वेळ उभा होतो. डाग वर निमुळते, खाली गोल, थेंबाच्या आकाराचे. मेणबत्तीची ज्योत तिरकी धरून लाकूड जाळलं की हाच आकार येतो. असे डाग इंग्लंडमधल्या जुन्या घरांच्या तुळयांवर, चौकटींवर शेकड्यांनी आहेत, आणि आग-वीज-अनिष्टापासून घराचं रक्षण व्हावं म्हणून ते मुद्दाम केलेले असावेत असं अभ्यासक मानतात. म्हणजे जो डाग सैतानाचा म्हणून सांगतात तो कदाचित सैतानाला बाहेर ठेवण्यासाठी कुणा गावकऱ्याने केलेला असेल. घाबरलेल्या हाताने, मेणबत्ती धरून. मला ही शक्यता कुत्र्याच्या गोष्टीपेक्षा जास्त हलवते.

प्रतिकृतीतलं दार पाच सेंटिमीटरचं. सुई तापवून डाग केले. पहिल्या दाराला भोक पडलं, दुसरं ठीक.

३१ ऑगस्ट

छत बसवलं. मनोरा ते वेदी एकसंध, मधे कुठेही भिंत किंवा कमान नाही. इथे लोकांची जागा आणि वेदीची जागा यांच्यात छताने भेद केलेला नाही. पूर्वी मधे लाकडी पडदा असे, त्याचा थोडाच भाग उरलाय. टेबललॅम्प क्लिअरस्टोरीच्या उंचीला धरला तर देवदूतांच्या पंखांची सावली पांढऱ्या पट्ट्यांवर पडते.

बाबांना दाखवलं. फोन हळूहळू पूर्वेकडून पश्चिमेकडे नेला. ते गप्प होते. मग म्हणाले, "थांब. मागे घे. या तुळईवर काहीच नाही?"

"नाही, बाबा. तिथला देवदूत गेला."

"गेला म्हणजे काढला ना? मग तुळईला खुंटीचं भोक असेल. नाहीतर खाच तरी. तू एकदम गुळगुळीत तासलीयस. असं लाकूड असतं का कधी? ज्यावरून काही काढलंय ते कळतं."

मी फोटो चाळले. रिकाम्या तुळयांचा एकही फोटो वरून नीट घेतलेला नाही. आठ महिने सगळं लक्ष होतं ते असलेल्या देवदूतांकडे. रिकाम्या तुळया परत उतरवून ठेवल्या आहेत. शनिवारी मोठी दुर्बीण घेऊन ब्लाइबराला जातोय.